सिझरनंतरचे पहिले दिवस नेमके कसे असतात? खरं खरं सांगा प्लीज

चाफेकळी:

नमस्कार सगळ्यांना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, एरवी नुसती वाचत असते. मला ३७ वा आठवडा संपत आलाय आणि बाळ पायाळू आहे. डॉक्टरांनी पोटावरून हाताने दाबून बाळ फिरवायचा प्रयत्न केला पण ते फिरलं नाही, त्यामुळे ३९ व्या आठवड्यात सिझर ठरलंय.

ऑपरेशनची तेवढी भीती नाही वाटत, तिथे डॉक्टर असतील, पण नंतरचं काय हे कोणी धड सांगत नाही. एक मैत्रीण म्हणते तिसऱ्या दिवशी मी हिंडत फिरत होते, मावसबहीण म्हणते महिनाभर कुशीवर वळता येत नव्हतं, आणि डॉक्टरांना विचारलं की ते म्हणतात सगळं व्यवस्थित होईल काळजी करू नका. मला खरं ऐकायचंय. दुखतं म्हणजे कसं दुखतं, किती दिवस? बाळाला मी उचलू शकेन का? दूध यायला उशीर होतो का? कमरेत इंजेक्शन देतात त्याने आयुष्यभर कंबर धरते असं सगळ्या बायका सांगतायत ते खरंय का? घरी आम्ही दोघंच आहोत, नवऱ्याला दोन आठवडे सुट्टी मिळतेय, त्यानंतर दिवसभर मी एकटी.

आणि एक सांगायचं होतं, नॉर्मल व्हावी असं फार मनात होतं. ते अजून मनातून जात नाहीये.

दोन_लेकरांची_आई:

चाफेकळी, अगं माझी दोन्ही सिझर. पहिलं चौदा तास कळा देऊन मग घाईघाईत, दुसरं ठरवून. त्यामुळे तुला आधीच सांगते, ठरवून केलेल्यातून उठणं मला खूपच सोपं गेलं, कारण अंगात जीव शिल्लक होता, पहिल्या वेळी तर ऑपरेशनच्या आधीच मी पार थकून गेले होते. तुझं ठरलेलं आहे ही चांगली गोष्ट आहे, तेवढा धीर धर.

आता क्रमाने सांगते. बाहेर आणल्यावर पहिले काही तास पाय आपले नसतातच, हात लावला तर दुसऱ्या कोणाच्या मांडीला हात लावल्यासारखं वाटतं. मला दोन्ही वेळेला हुडहुडी भरली होती, दात वाजत होते, आणि नाकाला, छातीला खाज सुटलेली. घाबरले होते पण सिस्टर म्हणाल्या भुलेच्या औषधाने होतं, तासाभरात जाईल, आणि थंडी तासाभरात गेलीच, खाज मात्र संध्याकाळपर्यंत होती. लघवीची नळी लावलेली असते, ती लागलीये हे कळतही नाही. या वेळात दुखत नसतं, म्हणून वाटतं अरे एवढंच होय! ते खरं नाही. भूल उतरायला लागली की ओटीपोटावर आधी ओढल्यासारखं आणि मग भाजल्यासारखं वाटायला लागतं.

सगळ्यात अवघड म्हणजे पहिल्यांदा उठणं. ते मी तुला नीट सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या वेळी मी सरळ पोटावर जोर देऊन उठायला गेले, डोळ्यासमोर काजवे चमकले. दुसऱ्या वेळी सिस्टरनी शिकवलं. गुडघे दुमडायचे, अख्खं अंग एकदम एका कुशीवर वळवायचं, खांदे आणि कंबर एकाच वेळी, मधे पीळ पडू द्यायचा नाही. मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि वरच्या हाताने गादी दाबत हाताच्या जोरावर बसायचं, पोट काहीच करत नाही. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही, चक्कर येते, दोन मिनिटं पाय हलवत बसायचं. उभं राहिल्यावर वाटतं की टाके उसवून सगळं खाली पडेल. नाही पडत. आपोआप वाकून चाललं जातं, चालू दे, दोन दिवसांत पाठ सरळ होते. आणि पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा खालून भसकन रक्त जाईल, झोपून साठलेलं असतं ते, मला माहीत नव्हतं म्हणून मी रडायलाच लागले होते.

अजून एक, खोकला, शिंक, हसू. छोटी उशी कायम जवळ ठेव, खोकला येतोय असं वाटलं की टाक्यांवर घट्ट दाबून धर आणि मग खोक. माझी उशी पंधरा दिवस माझ्याबरोबर सगळ्या घरात फिरत होती.

दुखण्याचं म्हणशील तर पहिले तीन दिवस बरंच, मग रोज थोडं थोडं कमी. आठव्या-दहाव्या दिवशी मी घरात बऱ्यापैकी वावरत होते, पण संध्याकाळी थकून जायचे. सहा आठवड्यांनी बरी झाले असं म्हणता आलं, आणि पूर्वीसारखं वाटायला मला पाच-सहा महिने लागले. तुझी मैत्रीण पण खरं बोलतेय आणि मावसबहीण पण.

आणि कळकळीने सांगते, दुखणं अंगावर काढू नकोस. पहिल्या वेळी मी गोळ्या घेतल्या नाहीत, दुधातून बाळाला जातील म्हणून. परिणाम काय तर मी उठायचेच नाही, पोटात गॅस धरला, बाळाला नीट घेऊन बसता येईना म्हणून दूध पण नीट पाजलं गेलं नाही, आणि मी दिवसभर रडत होते. दुसऱ्या वेळी घड्याळ लावून गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी बाळाला मांडीवर घेऊन बसले. एवढा फरक पडतो.

रात्रपाळी:

मी बाळंतिणींच्या वॉर्डमधे नर्स आहे, बरीच वर्षं झाली. वरच्या ताईंनी सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त असं का होतं ते सांगते कारण कारण कळलं की भीती कमी होते असा माझा अनुभव आहे.

बाहेरून एकच आडवा छेद दिसतो, साधारण १० ते २० सेंमीचा, पण आत थर असतात. त्वचा, चरबी, त्याखालचा पांढरा चिवट पडदा, मग पोटाचे स्नायू (हे सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात), मग आतला पातळ पडदा आणि मग गर्भपिशवी. त्वचा आठवडा-दोन आठवड्यांत जुळलेली दिसते, तेव्हा सगळ्यांना वाटतं झालं बरं आणि बादल्या उचलायला लागतात, पण आतले थर तेव्हा नुकतेच धरायला लागलेले असतात. म्हणून सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नका असं आम्ही घोकून घेतो. बाळाला उचलायला हरकत नाही, उलट उचलाच, फक्त जमिनीवरून वाकून नाही, कंबरेच्या उंचीवरून. बाळाचं सगळं सामान त्याच उंचीवर मांडून ठेवा.

गोळ्यांबद्दल: पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन्ही औषधं दूध पाजताना चालतात, दुधात फारच थोडी उतरतात. ज्यांना दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधे पण तेच असतं हे लक्षात ठेवा. कोडीन असलेल्या गोळ्या मात्र दूध पाजणाऱ्या आईने घ्यायच्या नाहीत. दुखायला लागल्यावर गोळी घेतली तर ती मागे धावत राहते, म्हणून पहिले काही दिवस ठरलेल्या वेळेला घ्यायची, दुखत नसलं तरी. "मी सहन करते हो सिस्टर" म्हणणाऱ्या बायका मला रोज भेटतात आणि मी रोज त्यांना हेच सांगते की सहन करून काही मिळत नाही, जी सहन करते ती हलत नाही, आणि जी हलत नाही तिच्या पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. बाळंतपणानंतर हा धोका मुळातच जास्त असतो, सिझर असेल तर आणखी. म्हणून आम्ही पहिल्या दिवसातच मागे लागून उठवतो, काहींना घट्ट मोजे देतो, काहींना गुठळी न होण्याचं इंजेक्शन. नळी पण चालायला लागलात की काढतो, सहसा दुसऱ्या दिवशी.

गॅसचं दुखणं टाक्यांच्या दुखण्यापेक्षा भयंकर असं कितीतरी जणी सांगतात. ऑपरेशननंतर आतडी थोडा वेळ सुस्तावतात, त्यात वारा अडकतो. काहींचं खांद्याच्या टोकाला दुखतं आणि त्या घाबरतात की हे हृदयाचं आहे का. पोटात राहिलेली हवा किंवा थोडं रक्त श्वासाच्या पडद्याला टोचतं आणि त्या नसेचं दुखणं खांद्याला जाणवतं, चाललं की एक-दोन दिवसांत जातं. छातीत दुखणं किंवा धाप लागणं मात्र वेगळं, ते लगेच सांगायचं.

संडासला पहिल्यांदा जाताना सगळ्याच घाबरतात. टाके तुटत नाहीत. पाणी भरपूर, मल मऊ करणारं औषध लिहून दिलं असेल तर ते न चुकवता, पायाखाली छोटं स्टूल आणि टाक्यांवर हाताने आधार. कुंथायचं नाही.

अंगावरून जाणं सिझरनंतर पण होतंच, खूप जणींना वाटतं पोटातून सगळं साफ करून काढलं म्हणजे होणार नाही. वार जिथे चिकटलेली होती ती जागा भरून यायला वेळ लागतो, चार ते सहा आठवडे जातं, आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट पांढरं. दूध पाजताना पोटात कळ येते ती गर्भपिशवी आकसत असल्याची, चांगली खूण आहे, दुसऱ्या खेपेला ही कळ जास्त जोरात येते. गर्भपिशवी बाळंतपणानंतर लगेच साधारण एक किलोची असते, सहा आठवड्यांत आकसून शंभर ग्रॅमच्या आत येते, म्हणून पोट लगेच आत जात नाही, पाचव्या-सहाव्या महिन्यासारखं दिसतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि कंबरेचं इंजेक्शन. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं, मुका मार लागल्यासारखं, ते खरं. पण वर्षानुवर्षं कंबर त्याने धरते याला आधार नाही, ज्यांना इंजेक्शन दिलं आणि ज्यांना नाही दिलं त्या दोघींमधे लांब पल्ल्याच्या कंबरदुखीत फरक सापडलेला नाही. कंबर दुखते कारण नऊ महिने पोट पुढे आलेलं असतं, पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधे हार्मोनने ढिले झालेले असतात आणि वरून दिवसभर वाकून बाळाला पाजणं.

चाफेकळी:

बाप रे, किती नीट लिहिलंय तुम्ही दोघींनी, मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं सगळं. दुधाबद्दल कोणी सांगेल का? आणि नवऱ्याने नेमकं काय करायचं, तो विचारतोय.

बाबा_झालो:

नवऱ्याने काय करायचं हे मी सांगतो, आमचं बाळ आता सात महिन्यांचं आहे.

पहिलं, रात्री बाळ रडलं की उठायचं आपण, बाळ उचलून तिच्या कुशीत द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढायची, लंगोट बदलायचा आणि परत झोपवायचं. तिने फक्त पाजायचं. पलंगातून उठणं हेच तिचं सगळ्यात अवघड काम असतं, ते रात्रीतून पाच वेळा करायला लावायचं नाही. दुसरं, गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर. मी एका कागदावर वेळा लिहून चिकटवल्या होत्या आणि दिली की खूण करायचो, कारण झोप नसल्यावर दोघांनाही आठवत नाही की दुपारची घेतली की नाही. तिसरं, लोकांना सांगायचं की आत्ता येऊ नका, आणि हे आपण सांगायचं, तिच्यावर टाकायचं नाही.

आता आमच्या बाबतीत झालं ते लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवसापासून हिचं डोकं दुखायला लागलं. सगळे म्हणाले झोप नाही म्हणून. पण मला एक गोष्ट विचित्र वाटत होती, ती आडवी झाली की दोन-चार मिनिटांत बरं वाटायचं आणि बसली रे बसली की मानेपासून कपाळापर्यंत असं दुखायचं की डोळे उघडता येत नव्हते. बाळाला पाजायला बसायची आणि अश्रू घळाघळा. चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलला फोन केला आणि नेमकं हेच वाक्य सांगितलं, की झोपल्यावर थांबतं आणि बसल्यावर येतं, तर लगेच बोलावलं. मणक्याभोवतीच्या पडद्याला सुईने पडलेल्या भोकातून आतलं पाणी झिरपत राहिलं की असं होतं म्हणाले. काहींचं आराम, पाणी आणि गोळ्यांनी जातं, हिचं जात नव्हतं म्हणून तिच्याच हातातलं थोडं रक्त काढून कमरेत त्या जागी सोडलं, ते गोठून भोक बुजतं. तासाभरात ती उठून बसली आणि डोकं दुखत नाहीये म्हणाली. तीन दिवस तिने उगाच काढले. त्यामुळे भाऊ, तुझं मुख्य काम हे आहे की नीट बघायचं आणि काही वेगळं वाटलं तर फोन करायला लाजायचं नाही.

रात्रपाळी:

अगदी बरोबर केलंत. यातच एक जोडते, डोकेदुखीबरोबर डोळ्यांसमोर चमकणं, धूसर दिसणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं असेल तर ते वेगळं आणि जास्त गंभीर, ब्लडप्रेशरचं असू शकतं, आणि ते बाळंतपणानंतर सुद्धा पहिल्या सहा आठवड्यांत येऊ शकतं, आधी बीपी नॉर्मल असलं तरी. तेव्हा घरी बसायचं नाही. पायांची सूज मात्र सलाईनमुळे बहुतेकींना येते, पावलं पावासारखी फुगतात, आठवडाभरात उतरते. एकाच पायाची पोटरी दुखतेय, लाल झालीये, गरम लागतेय तर दाखवा.

शांतनदी:

दुधाचं मी सांगते. सिझरनंतर दूध येतच नाही असं मला आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे मी धरूनच चालले होते. तसं नसतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, घट्ट पिवळसर, थेंब-थेंबच, पण बाळाचं पोट तेव्हा एवढंसं असतं की ते पुरतं. भरून दूध यायला सिझरमधे एखादा दिवस जास्त लागू शकतो, मला चौथ्या दिवशी आलं. जमेल तितक्या लवकर बाळ छातीवर उघड्या अंगाने घ्यायचं, आणि दिवसातून आठ ते बारा वेळा तोंडाशी लावायचं, जितकं ओढेल तितकं येतं. मांडीवर आडवं घेतलं की बाळाचे पाय नेमके टाक्यांवर बसतात, म्हणून एक तर कुशीवर झोपून पाज, नाही तर बाळाला काखेत धरायचं, त्याचे पाय तुझ्या पाठीकडे आणि डोकं पुढे तळहातावर, खाली उशी. काखेतलं धरणं शिकायला मला दोन दिवस लागले पण मग तेच सोयीचं झालं.

आता टाक्यांचं. हे लिहायला मला अजून जड जातं. आठव्या दिवशी सकाळी गाऊनवर, पोटाच्या घडीपाशी, रुपयाएवढा पिवळट डाग दिसला. मला वाटलं दूध सांडलं असेल. दुपारी परत. मी गाऊन बदलला आणि कोणाला बोलले नाही, कारण सगळे आधीच माझं करून दमले होते. रात्री थंडी वाजून ताप आला १०१ आणि आरसा खाली धरून बघितलं तर उजव्या टोकाला टाक्यांची जागा लाल, ताणलेली, आणि मधे एक बारीक तोंड पडून त्यातून पू येत होता, वास पण येत होता. अँटिबायोटिक आणि रोज ड्रेसिंग, भरून यायला साडेतीन आठवडे लागले. डिस्चार्जच्या वेळी मला एवढंच सांगितलं होतं की जागा कोरडी ठेवा, पण पोट त्यावर लोंबत असताना कोरडी कशी ठेवायची हे कोणी सांगितलं नाही. म्हणून तू हे कर: ड्रेसिंग निघालं की रोज साध्या पाण्याने हलक्या हाताने धू, घासायचं नाही, मऊ कापडाने टिपून घे, मग पाच-दहा मिनिटं आडवी पडून पोट हाताने वर धरून हवा लागू दे. कमरेच्या वरपर्यंत येणारी सैल सुती चड्डी घाल, इलॅस्टिक जखमेवर येता कामा नये. आणि रोज एकदा आरशात बघ, किंवा नवऱ्याला बघायला सांग आणि फोटो काढून ठेव, म्हणजे कालच्यापेक्षा आज लाल आहे का ते कळतं. नुसतं वरून बघून कळत नाही, आपलं पोटच मधे येतं.

रात्रपाळी:

हे फोटोचं मी आता वॉर्डमधे सगळ्यांना सांगणार आहे.

ताप १००.४ च्या वर, जखम उघडणं, पू, वास, दुखणं कमी होत होतं ते परत वाढायला लागणं, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं आणि हे दोन तास चालणं, अंड्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडणं, लघवीला जळजळ किंवा लघवीच न होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. "उगाच त्रास कशाला द्यायचा" हा विचार करून उशिरा आलेल्या बायका मी बघितल्यात. तुम्ही फोन केला आणि काही नसलं तर आम्हाला आनंदच होतो.

चाफेकळी:

अजून दोन-तीनच प्रश्न. जिने चढलेले चालतात का, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. पोटाला पट्टा बांधायचा का? गाडी कधी चालवता येते? आणि पुढच्या वेळी पण सिझरच होतं का?

दोन_लेकरांची_आई:

जिने मी चढले होते गं डिस्चार्जच्याच दिवशी, एकेक पायरी, कठडा धरून. दिवसातून एकदाच चढ-उतर करायची असं ठरवलं. पट्टा मी पहिल्या वेळी खूप आवळून बांधला पोट जावं म्हणून, त्याने काही गेलं नाही. दुसऱ्या वेळी सैलसर बांधला फक्त चालताना, तेव्हा आधार वाटला.

रात्रपाळी:

हो, पट्टा आधारासाठी, काहींना त्याने चालताना दुखणं कमी वाटतं. आवळायचा नाही, झोपताना काढायचा. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम मात्र नळी निघाली की लगेच सुरू करा, सिझर झालं तरी त्या स्नायूंनी नऊ महिने भार सोसलेला असतो.

गाडीला ठरलेला दिवस नाही. बंद गाडीत बसून जोरात ब्रेक दाबून बघा, वळून मागे बघा, दुखलं नाही आणि गुंगी येणाऱ्या गोळ्या चालू नसतील तर चालेल, बहुतेकींना चार ते सहा आठवडे लागतात.

पुढच्या वेळी सिझरच असं नाही. एका सिझरनंतर ज्या नॉर्मलचा प्रयत्न करतात त्यांच्यातल्या चारपैकी जवळपास तिघींची होते, पण छेद कसा होता, कारण काय होतं यावर ठरतं, म्हणून डिस्चार्जचे कागद जपून ठेवा. आणि गर्भपिशवीवरचा व्रण पक्का व्हायला अंतर लागतं, पुढची गर्भधारणा निदान दीड वर्षाने, दोन वर्षं थांबलात तर आणखी चांगलं. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं समजू नका, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी सुद्धा राहू शकतात, सहा आठवड्यांच्या तपासणीला हे विचारून घ्या.

शांतनदी:

चाफेकळी, तू पहिल्यांदा शेवटी जे लिहिलंस त्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मला पण नॉर्मल हवी होती. मला कितीतरी महिने असं वाटायचं की मी बाळाला जन्म दिला नाही, ते माझ्यातून काढलं गेलं. एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली बाळ सुखरूप आहे ना मग झालं, आणि मी गप्प बसले. बाळ सुखरूप आहे याचा आनंद आणि हे वाईट वाटणं दोन्ही एकाच वेळी असू शकतं, एकाने दुसरं खोटं ठरत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येतं, ते जवळपास सगळ्यांनाच येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्याच्या पुढे गेलं, किंवा बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, आपण नसलेलंच बरं असं वाटायला लागलं तर डॉक्टरांना सांग, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मी चौथ्या महिन्यात सांगितलं. नवऱ्याला पण आत्ताच वाचायला दे हे, कारण त्यावेळी आपल्याला स्वतःला कळत नाही.

चाफेकळी:

शांतनदी, तुझं वाचून खूप रडले आणि मग बरं वाटलं. धन्यवाद गं.

चाफेकळी:

आज अकरावा दिवस. मुलगी झाली! २ किलो ९०० ग्रॅम. आत्ता ती झोपलीये म्हणून एका हाताने टाईप करतेय.

पहिल्यांदा उठताना तुम्ही सगळ्याजणी माझ्या डोक्यात होतात, कुशीवर वळ, पाय सोड, हाताचा जोर. सिस्टर म्हणाल्या तुम्हाला कोणी शिकवलं. खाली रक्त गेलं तेव्हा माहीत होतं म्हणून घाबरले नाही. गॅस मात्र खरंच भयंकर होता, दुसऱ्या रात्री नवरा मला धरून कॉरिडॉरमधे फेऱ्या मारत होता, पहाटे चारला एकदाचा वारा सरला आणि आम्ही दोघंही असे खूश झालो. दूध चौथ्या दिवशी आलं. गोळ्यांचा कागद फ्रीजवर आहे. पाचव्या दिवशी खूप रडले, आता कमी आहे, नवरा रोज विचारतो, खरं उत्तर देते. जखमेचा रोज फोटो, अजून तरी छान आहे.

एकच विचारायचं होतं, टाक्यांच्या वरची चार बोटं जागा बधिर आहे, हात लावला तर कळतच नाही, आणि त्याच्या कडेला मात्र खाज येते. हे नॉर्मल आहे का?

दोन_लेकरांची_आई:

अगं अभिनंदन!!! लेकीला खूप खूप आशीर्वाद. हो, नॉर्मल आहे. माझी पहिल्या वेळेची जागा आठ-नऊ महिने बधिर होती.

रात्रपाळी:

अभिनंदन! छेदाबरोबर त्वचेच्या बारीक नसा पण कापल्या जातात, त्या परत वाढायला महिने लागतात, आणि थोडीशी जागा कायमची बधिर राहिली तरी त्याने काही बिघडत नाही. खाज म्हणजे जखम भरतेय, फक्त लाल किंवा गरम नाही ना तेवढं बघा. खाजवू नका, वरून तळहात ठेवून हलकं दाबा. गरम पाण्याची पिशवी त्या जागेवर अजिबात ठेवायची नाही, बधिर असल्यामुळे भाजलेलं कळत नाही.

चाफेकळी:

बरं झालं विचारलं, पिशवी आज रात्री घेणारच होते. उठली ती, जाते.